लिंडाखचा दुसरा मनोरा

ऑग्सबुर्ग, ३ मे १७५१

लिंडाखच्या मठाचं चित्र छपाईसाठी तांब्यात कोरण्याचं काम मला मिळालं. प्रकाशक एंडेलीनशेठनी ते आधी गावातल्या दुसऱ्या दोघांना दाखवलं होतं, हे मला ठाऊक आहे. दोघांनीही तांब्याच्या पत्र्याचा आकार बघितला आणि हात जोडले. मी नाही जोडले. अख्खा मठ, नवं चर्च, बागा, तबेले, आजूबाजूचे डोंगर, सगळं एका पत्र्यावर. असं काम ऑग्सबुर्गात गेल्या दहा वर्षांत कुणी केलेलं नाही, आणि पुढच्या दहांत माझ्याशिवाय कुणी करेल असं वाटत नाही.

पत्र्याखाली मात्र नेहमीसारखं 'डानिएल श्टालचे वारस' असंच येणार. डानिएल जाऊन सहा वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे वारस मी एकटीच. तो होता तेव्हासुद्धा कमानी मीच कोरायचे, कारण लांब रेघ ओढताना त्याला श्वास धरवत नसे.

आज शेठना म्हटलं, "या खेपेला माझं नाव घाला. युडिथ श्टाल."

"बाई, खालचं नाव वाचतं कोण?"

"कुणीच वाचत नसेल तर माझं घालायला काय हरकत आहे?"

यावर शेठ चष्मा पुसत बसले. त्यांचा चष्मा स्वच्छच होता.

मी लुथरन आणि मठ कॅथलिक. बाहेरगावच्या लोकांना याचं नवल वाटतं. आमच्या गावात नगराध्यक्षसुद्धा दोन असतात, एक त्यांचा, एक आमचा, त्यामुळे आम्हाला काही वाटत नाही. चर्च त्यांची, रेघा आमच्या, असं चाललेलं आहे.

लिंडाख, ११ मे

पोचले. बाईमाणसाला मठात मुक्काम करता येत नाही, म्हणून खालच्या गावातल्या खानावळीत उतरले आहे. मालकीण वाल्बुर्गा, पन्नाशीची, हात लाकूडतोड्यासारखे, जीभ त्याहून कडक. मला बघून म्हणाली, "एवढ्याशा बाईला एवढा मोठा मठ काढायला पाठवलं?" मी म्हटलं, मठ उचलायचा नाही, काढायचा आहे. तेव्हापासून आमचं जमलं.

मठाची कोठी आणि सगळा बाहेरचा कारभार फादर माग्नुस बघतात. गोड बोलणारा माणूस. त्यांनी चर्चचा नकाशा माझ्यासमोर उलगडला. नकाशात मनोरे दोन. खिडकीतून बघितलं तर एकच. दुसऱ्याच्या जागी कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर उगवलेलं गवत.

"चित्रात दोन्ही येऊ द्या," फादर म्हणाले. "दुसरा होणारच आहे. चित्र बघून लोक दान देतील, तसतसा चढेल."

यात लबाडी नाही, ही रीतच आहे. मठ आधी तांब्यात पुरे होतात, दगडात मागाहून. मी आजवर न झालेले घुमट, न खोदलेली कारंजी, न लावलेल्या लिंबाच्या बागा कोरल्या आहेत. डानिएल म्हणायचा, देवाला शेवट माहीत असतो, आपण तो थोडा आधी दाखवतो. मला हे पटतं.

१३ मे

कुठून बघून चित्र काढायचं, हे ठरवणं म्हणजे निम्मं चित्र. याबाबत इथं माझी सरबराई बघण्यासारखी आहे. फादर माग्नुसनी उत्तरेच्या टेकडीवर माझ्यासाठी छत उभारलं, गादीची खुर्ची ठेवली, वाइनची सुरई ठेवली. वाल्बुर्गा म्हणते टेकडीवर वारं लागेल, गिरणीच्या कुरणातून उजेड चांगला. एका कलावंताच्या सोयीसाठी मठ आणि गाव अशी चढाओढ करतील असं मला वाटलं नव्हतं.

सकाळी टेकडीकडे निघाले तर वाटेत गाई. सगळ्या गावच्या गाई त्याच अरुंद वाटेवर उभ्या, आणि हाकायला कुणी नाही. परत फिरले. कुरणात गेले तर माझं स्टूल आधीच तिथं मांडलेलं, सावली बघून, अगदी नेमकं. बसले आणि मान्य केलं की जागा उत्तम आहे. मठ पूर्ण दिसतो, मागे डोंगर, पुढे ओढा. शेवटी जागा माझ्याच नजरेनं निवडली. फादरना तसं कळवलं. त्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांनी छतासाठी बरीच खटपट केली होती.

एकच अडचण. कुरणातून बघितलं की उजव्या कोपऱ्यात, अगदी समोर, गावाचं एक छोटं देऊळ येतं. मारियेचं, येशूच्या आईचं. पावाच्या भट्टीवर कांदा ठेवावा तसा त्याचा घुमट. आमच्या पंथात असल्या मूर्तींपुढे कुणी गुडघे टेकत नाही, आणि बांधकाम म्हणूनही त्यात बघण्यासारखं काही नाही. पण कोपरा मोकळा ठेवला तर चित्र उजवीकडे हलकं पडेल. असू दे.

१९ मे

मी बसले की त्या देवळापुढे बायका जमतात. काल थोड्या होत्या, आज पुष्कळ. आज बुधवार आणि अंगावर रविवारचे कपडे, चांदीच्या साखळ्या, काळ्या टोप्या. मला चितारताना बघायला येत असणार, पण लाजतात, म्हणून माझ्याकडे न बघता देवळाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसतात. आफ्रा नावाची म्हातारी आहे, तिला दिसत नाही फारसं. तीही येते आणि सगळ्यात पुढे बसते.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. काल देवळाची भिंत मळकी होती, मी तिला छान करडी छटा दिली. आज येऊन बघते तर पांढरीशुभ्र. रात्रीत कुणी चुना फासला. छपराच्या फुटक्या फळ्याही बदलल्या. मी वाल्बुर्गाला म्हटलं, "माझं चित्र होईपर्यंत थांबता नाही आलं?" ती म्हणाली, "चुकलंच बाई. पण आता नव्यानंच काढा." आणि जेवायला लोण्यात परतलेले श्पेट्झले, इथल्या जाड शेवया, वर भरपूर चीज. पैसे घेतले नाहीत. कलेची कदर खेड्यात अजून आहे.

२० मे

आज मठाधिपतींनी मला बोलावून घेतलं. त्यांना सगळे 'महाराज' म्हणतात, आणि ते आहेतही तसेच. ते कुणा राजाचे अंकित नाहीत, थेट सम्राटाचे.

त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. म्हणाले, "उजवा मनोरा डाव्यापेक्षा देखणा झाला आहे." उजवा म्हणजे नसलेला. मला काय वाटलं ते इथं लिहायला हरकत नाही: मी सुखावले. नकाशावरून उभा केलेला दगड खऱ्यापेक्षा खरा वाटावा, ही माझ्या हाताची करामत आहे.

मग माणसं कुठं घालायची ते ठरलं. दारात महाराजांची सहा घोड्यांची गाडी. चार घोड्यांची चालणार नाही, चार तर शेजारच्या मठालाही आहेत. पायऱ्यांवर साधू दोन रांगांत. त्यांच्या खाली पाहुणे सरदार, तलवारी दिसतील असे. शेतकरी ओढ्याच्या अलीकडे, टोप्या हातात. चित्रात माणूस किती मोठा दिसतो ते तो किती जवळ उभा आहे यावर नसतं, तो कोण आहे यावर असतं. हे मला कुणी शिकवावं लागत नाही, म्हणूनच मला बोलावतात.

बोलताना महाराजांचा अंगठा सारखा उजव्या कोपऱ्यावर होता. "इथं हिरवळ आहे ना?" म्हणाले. मी म्हटलं, "महाराज, इथं छोटं देऊळ आहे." "हिरवळ," ते म्हणाले, आणि अंगठा तसाच ठेवला. शिसपेन्सिलीचं काम पुसलं जाईल याची मला धास्ती लागली होती.

ऑग्सबुर्ग, २८ ऑगस्ट

इतके आठवडे वहीला हात लावला नाही, कारण हात पत्र्यावर होता. मुख्य चर्च झालं. मनोरे झाले. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कोरणी टेकून टेकून पुन्हा घट्टा पडला आहे, आणि त्याचा मला राग येत नाही.

देऊळ सगळ्यात शेवटी घेतलं. थोडं काम म्हणून घेतलं आणि त्यातच गुंतले. मोठ्या चर्चच्या रेघा पट्टी लावून येतात. या देवळाला एकही सरळ रेघ नाही. भिंत पोटात थोडी फुगलेली, पायरी मधे झिजलेली, छपराच्या फळ्या वेगवेगळ्या वयाच्या. बायकांच्या पाठी कोरताना कोरणी आपली आपण चालत होती. म्हाताऱ्या आफ्राची पाठ बघितली की तिचं तोंड बघायची गरज नाही.

आज माझ्या छपाईवाल्या यॉर्गनं छापयंत्रावर पहिले कच्चे छाप काढले, खाली अजून नाव-गाव काही नसलेले. त्यानं ओला कागद उचलला, खिडकीशी नेला.  मग उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "श्टालबाई, हे तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम." मला मनोऱ्यांबद्दल ऐकायचं होतं.

९ सप्टेंबर

फादर माग्नुस गावात आले आहेत. एंडेलीनशेठच्या दुकानात बोलावणं आलं. छाप टेबलावर पसरलेला होता.

"अप्रतिम," फादर म्हणाले. "फक्त उजव्या कोपऱ्यात महाराजांचं कुळचिन्ह घालायचं. मोठी महिरप, वर मुकुट, बाजूला देवदूत."

"तिथं देऊळ आहे."

"तिथंच घालायचं."

मग सगळं बाहेर पडलं. ते देऊळ पाडायचं आहे. मूर्ती मठाच्या नव्या चर्चमध्ये न्यायची, म्हणजे यात्रेकरूंचं दान तिकडे जाईल. दगड दुसऱ्या मनोऱ्याला वापरायचे. त्याला बिशपच्या कचेरीची परवानगी लागते. अर्जात लिहिलं आहे की देऊळ केव्हाच पडलं, तिथं कुणी फिरकत नाही, आणि सोबत जोडायचं आहे माझं चित्र.

मी काही बोलायच्या आत शेठ म्हणाले, "आणि बाई, महाराजांनी कबूल केलंय. खाली तुमचं नाव. वारस-बिरस नाही. 'युडिथ श्टाल, ऑग्सबुर्ग, हिने कोरले.' पूर्ण."

फादर हसून म्हणाले, "महाराज म्हणाले, बाईचा हात आहे हे जगाला कळू दे."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, हेही लिहून ठेवते. घरी येताना रस्त्यात ते वाक्य मनातल्या मनात कोरून पाहिलं, वळणदार अक्षरांत, 'श्टाल'च्या शेवटी एक गोलाई घेऊन. सबंध पत्र्यावर ते सगळ्यात सुंदर दिसलं असतं. तेरा वर्षं नवऱ्याच्या नावानं आणि सहा वर्षं त्याच्या न झालेल्या मुलांच्या नावानं काम केल्यावर बाई हो म्हणणार नाही तर काय म्हणेल?

१२ सप्टेंबर

पत्रा खरवडायला घेतला आणि दारावर थाप पडली. वाल्बुर्गा. लिंडाखहून चालत आली होती, बूट हातात. बिशपच्या कचेरीत परवा सुनावणी आहे, गावातर्फे तीच बोलणार. तिला चित्राचा एक छाप हवा होता. "आमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? कागदावर असलं की ठेवतात."

मी तिला सांगितलं, देऊळ चित्रातून जाणार आहे. ती बाकावर बसली. मग माझ्या तोंडावर म्हणाली, "स्टूल फुकट गेलं म्हणायचं."

"कुठलं स्टूल?"

"तुमचं. मीच ठेवलं होतं कुरणात. गाईही माझ्याच. टेकडीवरून देऊळ झाडांमागे जातं. फादर तुम्हाला तिकडे कशाला बसवत होते?"

"आणि त्या बायका?"

"त्यांना मी सांगितलं होतं, बाई बसल्या की जाऊन बसा, चांगले कपडे घालून. तशा त्या रोजच येतात, पण कामाच्या कपड्यांत."

 एवढ्या दिवसांची सरबराई, श्पेट्झले, कलेची कदर! "मला वेड्यात काढलंत तुम्ही."

"सरळ सांगितलं असतं तर? आमच्या मारियेचं देऊळ वाचवा, असं एका लुथरन बाईला? तुम्ही हसला असता."

हसले असते. हे मी तिला सांगितलं नाही.

"तुमची ती मूर्ती मोठ्या चर्चमध्ये जाईल," मी म्हटलं. "संगमरवरी वेदी, सोन्याची किरणं. वाईट काय त्यात?"

"मोठ्या चर्चमध्ये लोखंडी जाळी आहे, बाई. पुढे सरदार, मागे आम्ही, जाळीला नाक लावून. माझ्या आज्यानं हे देऊळ रोगाची साथ गेल्यावर बांधलं, आजीनं ओढ्यातून दगड आणले. त्याची किल्ली माझ्या चुलीवर टांगलेली असते. कुणाचं मूल आजारी पडलं की रात्री-अपरात्री येते बाई आणि घेऊन जाते. महाराजांना कोण उठवणार?"

 ती उठली, पत्र्यापाशी गेली, तांब्यात उलटं दिसणारं आपलं देऊळ बघितलं. मग बूट उचलत म्हणाली, "नसलेला मनोरा तुम्हाला दिसतो, आणि असलेलं देऊळ पुसायला बसलात."

मी तिला जा म्हटलं. गेली.

१३ सप्टेंबर

दिवसभर खरवडणी हातात धरली. एकदा पत्र्याला लावली. पहिली जाणार होती आफ्राची पाठ. खरवडणी खाली ठेवली.

वाल्बुर्गासाठी नाही, मारियेसाठी तर नाहीच. पण मी कोरलेलं सगळ्यात चांगलं काम मी माझ्या हातानं, माझ्याच नावाच्या मोबदल्यात पुसलं, तर ते नाव कुणाचं राहील? पट्टी लावून ओढलेल्या मनोऱ्यांखाली सही करायची आणि खरं बघून काढलेलं घालवायचं, एवढी हलकी मी नाही. हा माझा माज असेल. असू दे.

संध्याकाळी कच्चा छाप गुंडाळून वाल्बुर्गा उतरली होती तिथं नेऊन दिला. तिनं आभार मानले नाहीत. म्हणाली, "तुम्हीही या."

१४ सप्टेंबर

बिशपच्या कचेरीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आमच्यापैकी फारसं कुणी टाकत नाही. न्यायाधीश म्हणून एक वयस्कर पाद्री बसले होते, सर्दीनं बेजार. समोर फादर माग्नुस आणि मठाचा वकील. फादरनी मला बघितलं आणि त्यांचं गोड हसू जागच्या जागी विरलं.

वाल्बुर्गानं छाप टेबलावर पसरला. पाद्री वाकले, देवळाकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. मग वर बघितलं.

"या चित्रात दोन मनोरे आहेत," ते म्हणाले. "मी लिंडाखला जाऊन आलोय. तिथं एकच आहे. चित्रकाराला मनात येईल ते काढायची सवय असते. मग देवळावर तरी मी विश्वास का ठेवू?"

वकील हसला. वाल्बुर्गा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली.

मी उभी राहिले.  "महाराजांनी कौतुक केलेला तो मनोरा तिथं नाही. त्या जागी कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर गवत. मनोरा मी मठानं दिलेल्या नकाशावरून कोरला, हुकमावरून. देऊळ कुरणात बसून, डोळ्यांनी बघून कोरलं. पायरी मधे झिजली आहे. माणसं न येता पायरी झिजत नाही."

"यापुढे तुम्हाला एकही मठ काम देणार नाही, ठाऊक आहे ना?" वकील म्हणाला.

"ठाऊक आहे."

पाद्र्यांनी नाक शिंकरलं. लेखनिकाला म्हणाले, "साक्षीदाराचं नाव घ्या."

लेखनिकानं एंडेलीनशेठच्या दुकानातल्या चित्रांखालचं नाव वाचलेलं असावं. लिहिता लिहिता विचारलं, "डानिएल श्टालचे वारस?"

"नाही," मी म्हटलं. "युडिथ श्टाल. तांब्यावर चित्रं कोरणारी. स्वतःच्या नावानं."

२ ऑक्टोबर

परवानगी नाकारली. देऊळ राहिलं. एंडेलीनशेठनी पत्रा परत नेला, दुसऱ्याला दिला. त्यानं देवळावर महिरप चढवली, देवदूत बसवले, खाली आपलं नाव घातलं. छाप दुकानात टांगला आहे. देवदूतांचे गुडघे चुकलेत. मी दोनदा त्या दारावरून गेले आणि दोन्हीदा मान ताठ ठेवली. घरी आल्यावर मात्र रडले. पुढे काय कोरायचं, कुणासाठी, ते कळत नाही.

२० जानेवारी १७५२

खेळायच्या पत्त्यांच्या पाठी कोरते आहे. साध्या चौकटी, रोज तेच. यॉर्ग म्हणतो जर्मनीतले सगळ्यात सुबक पत्ते. खरं आहे ते.

लिंडाख, १५ मे

देवळाची जत्रा. वाल्बुर्गाचं बोलावणं होतं. आत जाऊन गुडघे टेकणार नाही, असं आधीच बजावलं होतं. ती म्हणाली, "कोण सांगतंय टेका? चित्र बघायला या."

माझा छाप त्यांनी मूर्तीशेजारी लावला आहे. चार खिळे, वरचे दोन थेट आकाशात ठोकलेले, मी तासन्‌तास खपून काढलेल्या ढगांत. मेणबत्त्यांच्या धुरानं कागद पिवळा पडतोय. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात बघितलं की बायका एकेक करून जवळ येतात आणि कोपऱ्यात स्वतःला शोधतात. "ही मी. ही तू. ही टोपी माझीच." आफ्रानं वाल्बुर्गाला विचारलं, मी कुठाय? वाल्बुर्गानं तिचं बोट धरून सगळ्यात पुढच्या पाठीवर टेकवलं. म्हातारी बराच वेळ बोट तिथंच ठेवून उभी होती. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यासारखं नाही.

कच्च्या छापाखाली मी काहीच लिहिलेलं नव्हतं. ती जागा आता मोकळी नाही. गावच्या शाळामास्तरांनी शाईनं, जाड अक्षरांत लिहिलं आहे:

'हे आमचे देऊळ. ऑग्सबुर्गच्या युडिथ श्टाल हिने कोरले. लुथरन असूनही ती खरे बोलली.'

"'असूनही' कशाला?" मी वाल्बुर्गाला विचारलं.

"मास्तर म्हणाले, त्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही."

मी पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. अक्षर वाईट आहे, ओळ उजवीकडे खाली उतरते आहे, आणि 'श्टाल'च्या शेवटी शाई पसरली आहे. मी बदलायला सांगितलं नाही.